मुलांचे बूट घ्यायचेत? आधी दुकानात पाय मोजतात का ते बघा – लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानाबद्दल

पुण्यात मुलांच्या बुटांची दुकानं काही कमी नाहीत, लक्ष्मी रोड आहे, कुमठेकर रोड आहे, कॅम्पात एमजी रोड, शिवाय प्रत्येक मॉलमध्ये दोन-चार शोरूम. पण मुलाला उभं करून, दोन्ही पावलं नीट मोजून मगच खोका काढणारं दुकान शोधायला लागलात तर अगदी बोटांवर मोजण्याइतकी सापडतील. असं एक दुकान लक्ष्मी रोडच्या जवळ पेठेत आहे आणि आमच्या दोन्ही मुलांचे बूट आता तिथूनच येतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये. तिथे नेमकं काय आणि कसं करतात ते सांगायचंय, म्हणजे तुम्ही कोथरूडला राहत असा नाहीतर हडपसरला, तुमच्या जवळच्या दुकानात तसं होतं का ते तुम्हाला बघता येईल.

दुकान लहान आहे. भिंतीला छतापर्यंत खोके, मधे एक लांब बाक, आणि सगळं बघणारे एक वयस्कर काका आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा. बाकी ठिकाणी पोरगी बाकावर बसली की पहिला प्रश्न असतो वय काय किंवा कितवीत आहेस, आणि त्यावरून नंबर काढतात. काकांनी वय विचारलंच नाही. "शाळेचे मोजे आणलेत का?" हा पहिला प्रश्न. मोजे घालून झाल्यावर लेकीला बाकावरून खाली उतरवलं आणि स्टीलच्या एका सपाट मापावर उभं केलं, मागे टाच टेकायला गोल कठडा, बाजूला आकडे, आणि पुढे-मागे सरकणारी एक पट्टी. "टाच मागे टेकव बाळ. दोन्ही पायांवर सारखं वजन दे. खाली नको बघूस, आईकडे बघ." हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण मूल आपल्याच पायाकडे बघायला वाकलं की वजन पुढे जातं आणि बोटं मुडपली जातात, मग माप कमी येतं. काकांनी दोन बोटांनी तिची बोटं अलगद सरळ दाबून धरली आणि पट्टी आणून टेकवली ती अंगठ्याला नाही, अंगठ्याशेजारच्या बोटाला, कारण तिचं ते बोट जास्त लांब आहे. मग दुसरा पाय. डावा उजव्यापेक्षा थोडासा मोठा निघाला, तर म्हणाले हे बहुतेकांचं असतंच, मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यायचा. त्यानंतर चवड्यापाशी रुंदी मोजली आणि मगच मुलाला हाक मारून तीन खोके काढायला सांगितले.

एवढं सगळं व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तरी बहुतेक ठिकाणी होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बसवून मोजणं आणि उभं करून मोजणं यात फरक पडतो, उभं राहिलं की अंगाचं वजन पायावर येतं आणि पाऊल लांबीला नि रुंदीला दोन्हीकडे पसरतं. मोठ्यांचं पण होतं, पण लहान मुलांचं पाऊल जास्तच मऊ असतं. जन्मतः पायातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात आणि ती हळूहळू घट्ट होत जातात, पायाच्या कमानीतलं एक हाड तर साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास तयार व्हायला लागतं. म्हणूनच बूट आखूड असला तरी मूल तक्रार करत नाही, पाऊल निमूटपणे आत मुडपून बसतं. आपण विचारतो "टोचतंय का गं?" आणि ती म्हणते नाही, कारण तिला तो गुलाबी पट्टीवाला बूट हवा असतो आणि खरंच टोचतही नसतं. मुलाच्या उत्तरावर बूट घेऊ नका. ऑस्ट्रियात बालवाडीच्या वयाच्या साडेआठशेहून जास्त मुलांची पावलं आणि त्यांचे बूट आतून मोजून एक अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक मुलांचे बूट पायाला आखूड निघाले आणि बूट जितका आखूड तितका अंगठा शेजारच्या बोटांकडे जास्त वळलेला असण्याची शक्यता असं दिसलं. आणि ही मुलं काही रडत आलेली नव्हती.

समोरून अंगठ्याने बूट दाबून बघायची जी आपली सगळ्यांची पद्धत आहे तीही फसवीच. बाहेरून दाब आला की मूल आपोआप बोटं आखडून घेतं, मग आपल्याला वाटतं वा, भरपूर जागा आहे. आणि शाळेच्या बुटांची पुढची टोपी इतकी कडक असते की आत बोट कुठे आहे ते बाहेरून हाताला लागतच नाही. काका काय करतात तर बुटातला आतला सोल, तो सुटा निघणारा असला तर, बाहेर काढतात आणि मुलाला त्यावर उभं करतात. टाच मागच्या कडेला बरोबर, मग पुढे किती जागा उरली ते आई, बाबा, आजी सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. आणि करंगळी सोलच्या बाहेर लोंबत असेल तर तेही दिसतं, मग तो बूट कितीही छान असला तरी परत खोक्यात.

पुढे जागा ठेवायची साधारण १० ते १२ मिलिमीटर. चालताना पाऊल बुटात जरा पुढे सरकतं त्याला जागा लागते आणि वाढीलाही. त्याहून कमी नको आणि फार जास्तही नको. हे दुसरं जरा नीट लिहिते कारण आपल्याकडे खरी भांडणं इथेच होतात. माझ्या सासूबाई बरोबर होत्या, त्या म्हणाल्या एक नंबर वरचा द्या हो, वर्षभर तरी चालायला हवेत, पोरं काय बघता बघता वाढतात. काका शांतपणे म्हणाले, "आजी, फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्या, मी काही बोलणार नाही. बूट नको." आणि मग त्यांनी वरचा नंबर खरंच काढून तिच्या पायात घातला, दोन चकरा मारायला लावल्या, आणि आम्हाला मागून टाचेकडे बघायला सांगितलं. प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर येत होती आणि बूट सुटू नये म्हणून ती पायाची बोटं आवळून चालत होती, ते घोट्यापासून कळत होतं. सासूबाईंनी स्वतःच "नको नको, आधीचाच द्या" म्हटलं. पुढे कापूस कोंबून मोठा बूट घालायचा प्रकार तर आमच्या लहानपणी घरोघरी होता, पण कापूस टाच धरून ठेवत नाही, पाऊल पुढे-मागे घसरतच राहतं, फोड येतात, आणि शाळेच्या जिन्यावर पळताना पाय अडकतो ते वेगळंच.

नंबराचं गणितही एकदा समजून घ्या, उपयोगी पडतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेले नंबर इंग्रजांचे आहेत, त्यात एका नंबराचा फरक म्हणजे पाव इंचाहून थोडा जास्त, एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरांत तोच फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग परत १ पासून सुरू होतात, त्यामुळे मुलाचा बूट १३ नंबरचा होता आणि दुकानदार १ नंबर काढतोय म्हणून घाबरू नका. आता एक नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटर असेल तर १० मिलिमीटर जागा असलेल्या बुटाच्या वरचा नंबर घेतला की पुढे पावणेदोन-दोन सेंटिमीटर मोकळं राहणार. म्हणूनच ज्या कंपन्या अर्धे नंबर काढतात त्या लहान मुलांसाठी बऱ्या, पण त्या आपल्याकडे कमी आणि महाग. आणि एका कंपनीचा १२ दुसऱ्या कंपनीच्या १२ एवढाच असेल असं अजिबात धरू नका. दोन्ही काकांच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवून बघितलेत, फरक डोळ्यांना दिसतो.

रुंदीबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. आमच्या धाकट्याचं पाऊल चांगलंच रुंद आहे, चवडा भरलेला, त्याला आम्ही लांबीला बरोबर म्हणून आणलेला प्रत्येक बूट करंगळीपाशी लाल करायचा, आणि सगळीकडे उपाय एकच सांगायचे, एक नंबर मोठा घ्या. रुंदी कमी पडतेय म्हणून लांबी वाढवायची, हा काय उपाय झाला! नंतर कळलं की हे फक्त आमच्या घरचं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात १ लाखाहून जास्त लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली, आणि त्यातून दिसलं की भारतीयांची पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा साधारणपणे रुंद असतात. त्यावरून आपल्या पावलांसाठी 'भा' नावाची स्वतंत्र नंबरपद्धती सुचवली आहे, त्यात तान्ह्या बाळांपासून मोठ्यांपर्यंत वयाप्रमाणे आठ गट केलेत. ती दुकानादुकानांत पोचली तर आपल्या मुलांसाठी खरंच मोठी गोष्ट होईल. तोवर काका काय करतात तर कुठल्या कंपनीचा कुठला बूट पुढून रुंद आहे ते त्यांना पाठ आहे, धाकट्याचा पाय मोजल्यावर त्यांनी तीन खोके बाजूला सारले आणि एकच पुढे ठेवला. वेल्क्रोचे दोन पट्टे, पुढून गोल, जीभ चांगली मागेपर्यंत उघडणारी. पाय सहज आत गेला. तो बूट पायात असताना पोराने पहिल्यांदा दुकानातून बाहेर येईपर्यंत तो काढायचा हट्ट केला नाही, यातच सगळं आलं.

बूट हातात घेऊन बघायच्या दोन-तीन गोष्टी त्यांनीच शिकवल्या. टाच आणि टोक धरून वाकवायचा, बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल वाकतं तिथेच. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या, आणि कुठेच वाकत नसेल तरीही ठेवून द्या. टाचेकडचा भाग दाबून बघा, तो मात्र भक्कम हवा. बांधायला वेल्क्रो, लेस किंवा बक्कल काहीतरी हवंच, नुसते आत पाय सरकवायचे बूट रोज पळणाऱ्या मुलाला नकोत कारण ते पायात टिकावेत म्हणून घट्टच घ्यावे लागतात. आणि नवीन बूट चावतातच, दोन दिवसांत सवय होईल, हे वाक्य ज्या दुकानात ऐकाल तिथून बाहेर पडा, मुलांच्या बुटाला पहिल्या दिवसापासून सवय लागायची गरज पडता कामा नये.

आता बाकीच्या पर्यायांबद्दल. मॉलमधल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, एसी, गालिचा, मुलांना फुगे, सगळं चकाचक, पण मोजायचं माप मागितलं तर ते कुठे ठेवलंय हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय गालिच्यावर चालवून बघण्यात अर्थ नसतो, मऊ जमिनीवर सगळेच बूट बरे वाटतात, मुलाला साध्या फरशीवर चालवा. ऑनलाइनला माझा विरोध नाही, उलट एक फायदा आहे, संध्याकाळी घरी निवांत घालून बघता येतं, आणि पाय दिवसभरात थोडे सुजतात त्यामुळे बूट बघायची वेळ संध्याकाळचीच चांगली. पण कंपनीचा मापाचा कागद प्रिंट करणार असाल तर प्रिंटर तो पानात बसवायला लहान करतो, त्यावरची पट्टी आपल्या साध्या फुटपट्टीशी जुळतेय का ते आधी बघा.

आणि घरी हे नक्की करा. पुठ्ठ्यावर मुलाला उभं करून, टाच भिंतीला टेकवून, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे खूण करायची, त्यात १२ मिलिमीटर मिळवायचे आणि तेवढ्या लांबीची दोन बोटं रुंद पट्टी कापायची. ही पट्टी बुटात टाचेपर्यंत सरकवा. न वाकता, न अडकता सपाट बसली तर लांबी बरोबर. पट्टी वाकली तर बूट आखूड. पट्टीच्या पुढे बरीच जागा राहिली तर मोठा. आजीकडून, मामाकडून भेट येणाऱ्या बुटांसाठी ही पट्टी मी आता त्यांच्याकडेच देऊन ठेवते, मूल बरोबर नसलं तरी बूट घेता येतो. मोठ्या भावंडांचे बूट धाकट्याला घालायचे असतील तर लांबीबरोबर सोलची झीज पण बघा, एका बाजूला तिरका झिजलेला बूट दुसऱ्या मुलाला घालू नये.

एका गोष्टीसाठी काकांचं विशेष कौतुक. धाकट्याचे तळवे सपाट दिसतात म्हणून एका ठिकाणी आम्हाला कमानीचे महागडे सोल घ्यायला लावत होते. काका म्हणाले त्याला चवड्यावर उभा करा, केला, तर तळव्याला छान कमान आली. म्हणाले लहान वयात असं असतं, मी डॉक्टर नाही, पण दुखत नसेल, लंगडत नसेल तर मी सोल विकणार नाही, शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. आम्ही दाखवलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि घरात अनवाणी खेळू द्या म्हणाले. यावर आपल्याच देशातला एक जुना अभ्यास आहे, कर्नाटकातल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांचे तळवे तपासले होते, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि पुढून बंद बूट घालणाऱ्यांत जास्त. म्हणून घरात आल्यावर बूट काढा आणि गच्चीवर, बागेत, सोसायटीच्या हिरवळीवर मुलांना मोकळ्या पायांनी पळू द्या. दुखत असेल किंवा एकाच पायाला फरक दिसत असेल तर मात्र दुकानात वेळ घालवू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

उणं काय ते पण सांगते. दुकानात जागा फार कमी, दोन कुटुंबं आली की तिसऱ्याला फुटपाथवर थांबावं लागतं. फॅन्सी, लग्नकार्याला घालायचे, दिवे लागणारे असले बूट जवळजवळ नाहीतच, तुमच्या मुलीला चमकी हवी असेल तर ती नाराज होणार. लहान बाळांचे पहिले बूट पण मोजकेच. भाव करत नाहीत. शाळेचे काळे बूट साधारण ८०० ते १२०० च्या मधे पडले, हेच मॉडेल ऑनलाइन सेलमध्ये शे-दीडशेने स्वस्त दिसलं होतं, पण मापाचे आणि त्या सल्ल्याचे मी ते पैसे आनंदाने देते. काका कधी कधी तोडून बोलतात. एका बाईंना त्यांनी "तुमच्या मुलाच्या मापाचं आज माझ्याकडे नाही, पुढच्या आठवड्यात या" म्हणून सरळ परत पाठवलं, त्या चिडून गेल्या. मला तर तो माणूस विकायला बसलेला असूनही विकत नाही हेच भावलं.

पावसाळ्याचं बघा, आपल्याकडे शाळा सुरू होते जूनमध्ये आणि पाऊसही तेव्हाच, त्यामुळे नवे कोरे बूट पहिल्याच आठवड्यात भिजतात. काकांनी जून-जुलैला शाळा चालवून घेत असेल तर मागे पट्टा असलेले सँडल घाला असं सुचवलं. बूटच सक्तीचे असतील तर ओले झाल्यावर आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवायचे, हिटरसमोर किंवा कडक उन्हात नाही, चिकटवलेला सोल सुटतो. पीटीचे पांढरे कॅनव्हास घेतानाही तोच नियम, ते स्वस्त असतात म्हणून मापाकडे कोणी बघत नाही, आणि मुलं नेमकी त्यातच सगळ्यात जास्त पळतात.

परत कधी मोजायचं, तर तीन वर्षांच्या आतल्या मुलाचं दोन-तीन महिन्यांनी, शाळेत जायला लागल्यावर तीन-चार महिन्यांनी, आणि मोठं झालं की वर्षातून दोनदा तरी, शाळा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत असं धरलं की विसरायला होत नाही. काका नुसतं मोजूनही देतात, बूट घ्यायचाच असं नाही. मधे मोजे काढल्यावर बोटांवर लाल वळ दिसले, नखं दुखायला लागली, किंवा मूल रिक्षात बसल्या बसल्या बूट काढायला लागलं तर तारखेची वाट बघू नका.

गाडी घेऊन जाऊ नका, तिथे पार्किंग मिळणं अवघड, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत जाणं सोपं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तुफान गर्दी असते आणि मधले नंबर संपतात, त्याआधी पंधरा दिवस जा, शनिवार-रविवार टाळून संध्याकाळी, आणि शाळेचे मोजे पिशवीत टाकायला विसरू नका.